गुडघ्यातले ‘ग्रीस’ आणि मापात दिलेला भार

“मॅडम, गुडघ्यातलं ग्रीस संपलं म्हंते. मंग चालून चालून अजून कायले घासू?” ऐन निंदणाच्या दिवसांत, आठवडी बाजारासाठी तालुक्याला आलेल्या एका साठीच्या मावशींनी मला हा प्रश्न विचारला होता, आणि थोड्याफार फरकाने तो मी दर आठवड्याला ऐकते. मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचे गुडघे, घोटे, टाचा किंवा खुबे दुखत असतात, आणि बहुतेकांच्या मनात सांध्याचे चित्र बैलगाडीच्या चाकासारखे असते: चाक जितके फिरेल तितका आस झिजेल, तेव्हा चाक थांबवलेले बरे. हे चित्र कुठून आले ते समजण्यासारखे आहे, पण सांध्याला ते लागू पडत नाही. त्यापायी माणसे चालणे सोडतात, त्यांच्या मांड्या वाळतात, आणि ज्या गुडघ्याला जपायचे होते तोच आणखी दुखू लागतो.

सांध्यात दोन हाडांची टोके समोरासमोर येतात. त्या टोकांवर पांढऱ्या, गुळगुळीत आणि किंचित दबणाऱ्या कूर्चेचा थर असतो. सांध्याभोवती एक पिशवी असते आणि तिच्या आतल्या अस्तरातून चिकट द्रव पाझरतो. लोक ज्याला ग्रीस म्हणतात ते हेच. निरोगी गुडघ्यातसुद्धा हा द्रव चहाच्या चमचाभरापेक्षा कमीच असतो, आणि सुजलेल्या गुडघ्यात तर तो संपलेला नसून उलट वाढलेला असतो. कूर्चेची खरी गंमत तिच्या पोषणात आहे. शरीराच्या इतर बहुतेक भागांना रक्तातून अन्न मिळते, पण कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. आपण पाऊल टेकतो तेव्हा ती दबते आणि तिच्यातला वापरलेला द्रव बाहेर पडतो. पाऊल उचलतो तेव्हा ती पुन्हा फुगते आणि ताजा द्रव आत शोषून घेते. ओले फडके पिळून पुन्हा पाण्यात बुडवावे तसा हा व्यवहार आहे. म्हणून जो गुडघा महिनोन्महिने भार घेत नाही, त्याच्या कूर्चेला पुरेसे अन्नच पोहोचत नाही.

कूर्चेत नसा म्हणजे वेदना वाहून नेणारे तंतूही नसतात. मग दुखते काय? कूर्चेखालचे हाड, सांध्याचे अस्तर, भोवतालची पिशवी, स्नायू आणि स्नायूंचे हाडाला चिकटलेले दोर, यांतून वेदना येते. त्यामुळेच एक्स-रेमध्ये हाडांतले अंतर बरेच कमी दिसणारा माणूस आनंदाने डवरणी करताना दिसतो, आणि ज्याचा एक्स-रे जवळजवळ निर्दोष आहे त्याला जिना चढवत नाही. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाचा गुडघा काम केल्यावर दुखत असेल आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत जात असेल, तर झिजेच्या संधिवाताचे निदान करायला बहुधा एक्स-रेची गरजही पडत नाही. फिल्म बघून ‘गुडघे कामातून गेले’ असे सांगितले जाते, ते वाक्य रुग्ण आयुष्यभर धरून बसतो, आणि माझ्या मते त्या वाक्याने होणारे नुकसान झिजेपेक्षा मोठे असते. तसेच गुडघ्यातून येणाऱ्या कट्‌कट आवाजाचे. दुखत नसेल, सूज नसेल, तर नुसत्या आवाजाला घाबरण्याचे कारण नाही.

मांडीचे काम

मावशींना मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवले आणि हात न टेकता उठायला सांगितले. त्यांनी आधी पदर खोचला, दोन्ही तळहात मांड्यांवर रोवले, अंग पुढे टाकले आणि श्वास रोखून एका झटक्यात उठल्या. उठताना दोन्ही गुडघे आतल्या बाजूला, एकमेकांकडे वळले. हात छातीशी धरून उठायला सांगितले तेव्हा त्यांना उठताच आले नाही. टेप घेऊन गुडघ्याच्या वाटीच्या वर १० सेंटिमीटरवर मांडीचा घेर मोजला, तर दुखरी उजवी मांडी डावीपेक्षा २ सेंटिमीटरने बारीक भरली. माझे निदान त्या खुर्चीवर आणि त्या टेपवर झाले होते.

मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायूंचा एक जुडगा असतो. तो वाटीला आणि वाटीवाटे नडगीच्या हाडाला बांधलेला असतो. पाऊल जमिनीवर आदळते तेव्हा बसणारा धक्का हा जुडगा गाडीच्या शॉकअपसारखा सोसतो. तो दुबळा झाला की तोच धक्का थेट सांध्यावर जातो. गुडघा सुजला वा दुखला की मेंदू आपल्या परीने सावध होऊन हा स्नायू आखडता घेतो, त्याला पूर्ण ताकद लावू देत नाही. स्नायू वापरात नाही म्हणून तो बारीक होतो. बारीक झाला म्हणून सांध्यावर जास्त धक्के बसतात. आणि धक्के बसले म्हणून आणखी दुखते. हे चक्र गोळीने काही तासांपुरते मंदावते, पण तुटत नाही. ते तोडायचे असेल तर मांडीला आणि कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूला पुन्हा काम द्यावे लागते. कुल्ल्याचा स्नायू मुद्दाम सांगते, कारण तो दुबळा असला की उभे राहताना गुडघा आत वळतो, जसा मावशींचा वळत होता, आणि त्याच्याकडे कुणाचे लक्षच जात नाही.

शेतकरी बायका मला म्हणतात की दिवसभर काम करतो, मग वेगळा व्यायाम कशाला? प्रश्न रास्त आहे. वावरातले काम शरीराला थकवते खरे, पण ते एकाच ठरावीक ढबीत, तासन्‌तास आणि थांबण्याची सोय नसताना होते. व्यायामात भार किती, किती वेळा, किती दिवसांनी आणि कधी वाढवायचा हे आपण ठरवतो. औषधाला जशी मात्रा असते, तशीच भारालाही असते. कमी पडला तर स्नायू वाढत नाही, जास्त झाला तर सांधा चिडतो. ही मात्रा माणूस बघून ठरवणे आणि दर भेटीला ती बदलणे, यालाच फिजिओथेरपी म्हणतात.

मावशींना मी पहिल्या आठवड्यात दोनच गोष्टी दिल्या. खाटेवर पाय लांब करून बसायचे, गुडघ्याखाली जुन्या लुगड्याची गुंडाळी ठेवायची, आणि टाच उचलली जाईल इतक्या जोराने गुडघा गुंडाळीवर दाबून ५ अंक मोजायचे. असे १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुसरी गोष्ट खुर्चीवरून उठण्याची. खुर्ची भिंतीला टेकवायची म्हणजे ती सरकत नाही, आणि बैठकीवर गोधडीच्या घड्या ठेवायच्या, इतक्या की हात न लावता उठता येईल. उठायला एक अंक आणि बसायला तीन अंक, कारण खाली बसताना स्नायू लांब होत होत भार पेलतो आणि तेच त्याचे खरे शिक्षण असते. दर आठवड्याला गोधडीची एक घडी कमी करायची. पुढे कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे आले, मग ओट्याच्या पायरीवर चढणे-उतरणे आले. पायाला वजन लावायचे तेव्हा किलोभर हरभरे पिशवीत घालून ती घोट्याला बांधली, आणि रबरी पट्टीच्या ऐवजी सायकलची जुनी ट्यूब वापरली. ट्यूब बाजेच्या पायाला बांधली की ती बाजारातल्या पट्टीइतकेच काम देते.

व्यायाम करताना दुखले तर काय, हा सगळ्यांत नेमका प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बहुतेकांना मिळत नाही म्हणून व्यायाम सुटतो. शून्य ते दहा अशी वेदनेची पट्टी मनात धरा. व्यायामाच्या वेळी दुखणे तीन-चारपर्यंत गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूळच्या पातळीवर आले, तर मात्रा बरोबर आहे. दुसऱ्या सकाळी गुडघा जास्त दुखत असेल किंवा सुजला असेल तर व्यायाम बंद करायचा नाही. संख्या निम्मी करायची आणि एक दिवस आड करायचा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जो फरक जाणवतो तो मुख्यतः मेंदू आणि स्नायू यांची ओळख पुन्हा जुळल्याने येतो. स्नायू प्रत्यक्षात भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. चौथ्या आठवड्यात ‘काही फायदा नाही’ म्हणून सोडणारे पुष्कळ असतात, म्हणून हे मी पहिल्याच भेटीत सांगते. मावशी दर बाजाराला येत गेल्या. सोयाबीनची सोंगणी संपेपर्यंत खुर्चीवरची गोधडी निघाली होती, आणि हात छातीशी धरून पाच वेळा उठबस करायला त्यांना १३ सेकंद लागले. १५ सेकंदांहून जास्त वेळ लागला तर ताकद आणि तोल दोन्ही कमी आहेत असे आम्ही समजतो. त्यांचा एक्स-रे आजही तसाच आहे.

‘शेक’ आणि ‘करंट’ याविषयी इथेच लिहिते. दहा दिवस रोज येऊन मशीन लावून घ्यायचे म्हणजे फिजिओथेरपी, असा समज आमच्याच व्यवसायाने पसरवला आहे आणि त्याचे मला वाईट वाटते. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०२२ साली झिजेच्या संधिवातासाठी व्यायाम हा पहिल्या क्रमांकाचा उपचार सांगितला, आणि अल्ट्रासाउंड, विजेचे झटके देणारी यंत्रे यांच्या फायद्याचा पुरेसा पुरावा नाही म्हणून ती देऊ नयेत असे म्हटले. शेकाने घटकाभर बरे वाटते, व्यायामाआधी तो जरूर घ्यावा. पण ज्या बाईची रोजी बुडते आणि ऑटोचे भाडे वेगळे लागते, तिला दहा दिवस नुसत्या शेकासाठी बोलावणे मला पटत नाही. तीन-चार बाजारांच्या भेटी आणि मधल्या दिवसांत घरी केलेला व्यायाम यांत तिचे काम होते. ज्यांना मधुमेह आहे आणि पाय बधिर झाले आहेत त्यांनी मात्र गरम विटेचा किंवा मिठाच्या पुरचुंडीचा शेक घेऊच नये. कातडे भाजले तरी त्यांना कळत नाही, आणि त्या फोडाची जखम महिनोन्महिने भरत नाही.

वजनाचा हिशेब थोडक्यात सांगता येतो. शरीराचे वजन १ किलोने कमी झाले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो. दिवसभरात आपण काही हजार पावले चालतो, तेव्हा दोन-तीन किलोंचाही फरक गुडघ्याला कळतो.

वावरात असताना

‘खाली बसू नका, वाकू नका, ओझे उचलू नका’ असे सांगणे सोपे आहे. निंदणाला जाणाऱ्या बाईला हे सांगणे म्हणजे कामावर जाऊ नको असे सांगणे. उकिडवे बसल्यावर गुडघा जवळजवळ पूर्ण दुमडतो, आणि वाटीमागचा दाब फार वाढतो. पण नुकसान एकदा बसण्याने होत नाही, तासभर न उठता तसेच पुढे सरकत राहण्याने होते. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी, किंवा पिकाची ओळ संपून धुऱ्यावर पोहोचल्यावर, उभे राहून पाच वेळा गुडघे सरळ करावेत आणि दोन घोट पाणी प्यावे. पोत्याची जाड घडी खाली घेऊन कधी एका गुडघ्यावर, कधी दुसऱ्यावर टेकावे. वीतभर उंचीचा लाकडी ठोकळा किंवा पाट बसायला घेतला तर गुडघ्याचा कोन पुष्कळ उघडतो. जिथे पिकाच्या ओळी मोकळ्या आहेत तिथे लांब दांड्याचे खुरपे किंवा सायकल डवरा चालतो, आणि दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाने ते काम मागून घ्यावे.

कापूस वेचताना गुडघे फारसे दुमडत नाहीत, पण कमरेला बांधलेली ओटी भरत जाते तसा सगळा भार पुढे येतो आणि शरीर तो तोलण्यासाठी गुडघे किंचित वाकवून चालते. ओटी अर्धी भरली की रिकामी करावी. फेऱ्या वाढतात खऱ्या, पण गुडघे संध्याकाळी कुरकुरत नाहीत. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाच्या रोवणीत वेगळाच धोका असतो. पाय चिखलात रुतलेला आणि अंग मात्र वळलेले, अशा अवस्थेत गुडघ्याच्या आतली, दोन हाडांमधली कूर्चेची गादी पिळली जाऊन फाटू शकते. आधी टाच मोकळी करून पाय बाहेर काढावा आणि मगच वळावे. घरी शौचालयात भारतीय पद्धतीचे भांडे असेल तर मध्ये छिद्र असलेली प्लॅस्टिकची खुर्ची वर ठेवता येते, ती बाजारात मिळते. काठीविषयी एक गोष्ट जवळजवळ सगळेच चुकतात: काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी.

घोटा मुरगळला तर

पावसाळ्यात ढेकळांवरून, उन्हाळ्यात काळ्या मातीच्या भेगांवरून चालताना पाय आत वळतो आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारे दोर, ताणले किंवा फाटले जातात. पहिला प्रश्न असतो हाड मोडले आहे का. कॅनडातल्या ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी एक साधी कसोटी मांडली आणि ती आज जगभर वापरली जाते. मुरगळल्याबरोबर आणि नंतर तपासतानाही माणूस चार पावले, लंगडत का होईना, टाकू शकतो का? घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेला, टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत, बोटाने दाबले तर हाड दुखते का? चार पावले टाकता आली नाहीत, किंवा हाड दाबल्यावर दुखले, तर एक्स-रे काढावा. पावलाच्या मधल्या भागात दुखत असेल तर बाहेरच्या कडेचे हाड आणि आतल्या कमानीवरचे हाडही असेच दाबून बघतात.

आमच्याकडे घोटा मुरगळला की आधी चोळून घेण्याची पद्धत आहे. पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्यांच्या हाताला गुण असतो अशी लोकांची श्रद्धा आहे, आणि मी तिचा अनादर करत नाही. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत जोराने चोळल्याने आतला रक्तस्राव आणि सूज वाढते, आणि हाडाला तडा गेलेला असेल तर तो सरकतो. त्या दिवसांत चपट्या पट्टीने बेताने बांधावे, पाय उशीवर उंच ठेवावा, आणि बोटे व घोटा सोसेल तितका हलवत राहावे. गार पाण्याच्या फडक्याने दहा-पंधरा मिनिटे वेदना कमी होतात. ‘विश्रांती, बर्फ, दाब, उंची’ हे सूत्र अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांनी १९७८ साली मांडले आणि ते सगळीकडे पाठ झाले. पुढे स्वतः मिर्किन यांनीच लिहिले की पूर्ण विश्रांती आणि फार बर्फ यांनी भरून येणे लांबू शकते. तेव्हा वेदना बेताची झाली की पायावर भार टाकायला लागावे.

सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला असे समजून बहुतेक जण उपचार थांबवतात, आणि वर्षभरात तोच घोटा पुन्हा मुरगळतो. अस्थिबंधात पाऊल कुठे, कसे टेकले आहे हे मेंदूला कळवणारे तंतू असतात आणि दुखापतीत तेही बिघडतात. त्यांना पुन्हा शिकवायला एका पायावर उभे राहावे लागते: आधी भिंतीला बोट लावून, मग हात सोडून, मग घडी केलेल्या गोधडीवर, मग डोळे मिटून. दात घासताना रोज ३० सेकंद हा व्यायाम केला तरी सहा आठवड्यांत फरक पडतो.

माझ्या वडिलांच्या घोट्याचे हाड मोडले तेव्हा मी कॉलेजात शिकत होते. प्लास्टर घातले आणि सहा आठवड्यांनी काढले. या सहा आठवड्यांत पायाची बोटे हलवा, प्लास्टरच्या आत मांडी आवळा, पाय सरळ उचला, एवढे तीन शब्द त्या दवाखान्यात कुणी त्यांना सांगितले नाहीत, आणि मीही तेव्हा नवी होते. प्लास्टर निघाले तेव्हा पिंढरी मनगटासारखी झाली होती, घोटा लाकडासारखा ताठ झाला होता, आणि पेरणी तोंडावर होती. हाड वेळेवर जुळले होते. त्यांना पुन्हा नांगरटीत चालायला मात्र दिवाळी उजाडली. प्लास्टरमधल्या प्रत्येक रुग्णाला मी हे व्यायाम पहिल्या दिवशी शिकवते, कुणी पाठवले नसले तरी. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्यांसाठीही एक सूचना: बरे वाटते म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नये, गुडघा वाकडाच आखडतो. उशी ठेवायची तर टाचेखाली.

कबड्डी आणि खो-खो खेळणाऱ्या पोरांची दुखापत वेगळी असते. पाय रोवलेला असताना अंग वळते, गुडघ्यात ‘खट्’ असा आवाज येतो आणि काही तासांत गुडघा टम्म फुगतो. अशा वेळी गुडघ्याच्या आतला पुढचा क्रूस अस्थिबंध तुटल्याची शक्यता मोठी असते. तो तुटला की ऑपरेशन झालेच पाहिजे असे नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधी पद्धतशीर व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन अशा गटातल्या ५९ जणांपैकी ३६ जणांना दोन वर्षांत ऑपरेशन लागले नाही, आणि त्या गटाचे गुडघे लगेच ऑपरेशन केलेल्यांपेक्षा वाईट नव्हते. गुडघा वारंवार निसटत असेल, किंवा आतली गादी फाटून अडकत असेल, तर गोष्ट वेगळी. ऑपरेशन झाले तर नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरू नये, आणि उतरण्याआधी दोन्ही मांड्यांची ताकद मोजून सारखी भरली पाहिजे. गावच्या स्पर्धेसाठी पाचव्या महिन्यात उतरलेला पोरगा पुन्हा लंगडत येतो तेव्हा फार जीव तुटतो.

टाचदुखीत सकाळचे पहिले पाऊल सगळ्यांत जास्त दुखते. पिंढरीचा ताण काढणे, बोटांखाली फडक्याची गुंडाळी ठेवून हळूहळू टाच उचलणे, आणि तळ झिजलेली चप्पल बदलणे, यांनी ती बहुधा काही महिन्यांत जाते. टाचेला बिबा लावू नये. बिब्याने कातडे भाजते, आणि मग टाच आणि जखम दोन्ही घेऊन माणूस येतो.

दुखण्याचे मूळ दुसरीकडे असेल तर

विदर्भात काम करताना काही गोष्टी सतत ध्यानात ठेवाव्या लागतात. सिकलसेल ही त्यांतली पहिली. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. खुब्याच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळातच मोजक्या असतात. त्या तुंबल्या की गोळ्यातले हाड मरू लागते. विशी-पंचविशीतला मुलगा लंगडतो, जांघेत दुखते म्हणतो, कधी नुसता गुडघाच दुखतो म्हणतो, आणि गुडघ्यात काहीच सापडत नाही, तेव्हा खुबा तपासावा आणि सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. सुरुवातीला एक्स-रे साफ असू शकतो, एमआरआयमध्ये कळते. लवकर कळले तर कुबड्यांनी भार कमी करून आणि आसपासचे स्नायू राखून खुबा बराच काळ वाचवता येतो. सिकलसेलच्या रुग्णाला बर्फाचा शेक देऊ नये, कारण गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखण्याचा झटका येऊ शकतो; व्यायामाच्या आधी आणि नंतर त्याने भरपूर पाणी प्यावे. २०२३ च्या जुलैपासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे आणि सरकारी आरोग्य केंद्रांत तपासणी होते.

दुसरी गोष्ट पाण्याची. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने हाडे जड आणि ठिसूळ होतात, अस्थिबंधांत क्षार साचून पाठ आणि सांधे ताठरतात, मुलांचे गुडघे वाकडे होतात. एकाच गावातून ताठ पाठीची, दातांवर तपकिरी डाग असलेली माणसे येऊ लागली की मी व्यायाम देतेच, पण आधी पाण्याची तपासणी करायला सांगते. चिकनगुनियाच्या साथींनंतर, २००६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये, घोटे आणि मनगटे महिनोन्महिने दुखणारे रुग्ण आले. ताप गेल्यावर त्यांना हळूहळू हालचाल हवी असते. दुखणे तीन महिन्यांच्या पुढे गेले आणि सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल तर डॉक्टरांकडून संधिवाताची तपासणी करून घ्यावी.

काही लक्षणे दिसली की व्यायामाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा: सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप; एकाच पायाची पिंढरी सुजून कडक झालेली, विशेषतः ऑपरेशन किंवा प्लास्टरनंतर (तिला चोळायचे तर मुळीच नाही); पडल्यावर पायावर उभे राहता न येणे. म्हातारे माणूस पडले, पाय आखूड झाला आणि पाऊल बाहेर वळले, तर खुब्याजवळचे हाड मोडले आहे असे धरून चालावे. ‘वय झालं, आता काय’ म्हणून खाटेवर ठेवू नये, कारण ऑपरेशन लवकर झाले आणि दुसऱ्या दिवशी उभे केले तर ती माणसे पुन्हा चालतात. महिनोन्महिने सुजलेला खुबा वा गुडघा, रात्री वाढणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप आणि उतरत चाललेले वजन असेल तर सांध्याच्या क्षयाची तपासणी करावी लागते.

फिजिओथेरपिस्ट जिल्हा रुग्णालयात असतो. नागपूर, सेवाग्राम, सावंगी इथल्या मोठ्या रुग्णालयांत स्वतंत्र विभाग आहेत. खासगीत जाणार असाल तर राज्याच्या परिषदेकडे नोंदणी आहे का हे विचारायला संकोच करू नये. जाताना जुने एक्स-रे न्यावेत, सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे न्यावीत, कारण दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्याने जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होते आणि त्या किती दिवस सुरू आहेत हे आम्हाला कळले पाहिजे, आणि वावरात घालता तीच चप्पल घालून जावे. तिचा तळ कोणत्या बाजूने झिजला आहे ते आम्ही उलटून बघतो.